चहा संपेपर्यंत शेठ गप्प

जनूशेठ गेल्याची बातमी मला त्यांच्या घरून नाही, फ्लेक्सवाल्याकडून कळली. रविवारची दुपार होती. जेवण करून पुस्तक घेऊन पडलो होतो, तेवढ्यात फोन वाजला आणि नाक्यावरचा फ्लेक्स छापणारा विचारू लागला, "मास्तर, शेठचा एखादा चांगला फोटो हाय का तुमच्याकडं? हसरा नको. आणि नावाच्या आधी 'उद्योगमहर्षी' टाकू का 'दानशूर'? दोन्ही टाकलं तर फोटो बारीक होतो." मी विचारलं, कुठल्या शेठबद्दल बोलतोयस? मग तो हळूच म्हणाला, "म्हंजे तुमाला अजून…" आणि फोन न ठेवता, लांबच्या कुणालातरी "थांब रे, अजून छापू नको" असं ओरडला. त्या ओरडण्यानं का कोण जाणे, मला खात्री पटली.

शेठ सकाळी गुडघ्यांसाठी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन आले होते. घरी येऊन व्यवस्थित जेवले, "चहाला उठवा" म्हणून सांगून आडवे झाले. चहा वेळेवर झाला होता.

संध्याकाळपर्यंत फ्लेक्स नाक्यावर चढला. शेठचे केस काळेभोर, गालांवर गुलाबी छटा आणि मागे बर्फाचे डोंगर. शेठ आयुष्यात सर्वांत उंच कुठे चढले असतील, तर ते आमच्या गोडाऊनच्या पोटमाळ्यावर, आणि तिथूनही त्यांना दोघांनी धरून उतरवावं लागलं होतं. पुढे शोकसभा झाली. ज्या वक्त्यानं आमच्या गोडाऊनचा उंबरा कधी पाहिला नव्हता त्यानं शेठना 'मालक आणि कामगार यांच्यातला सेतू' आणि 'मनुष्यबळ व्यवस्थापनाचे द्रष्टे' म्हटलं. मला हसू आवरेना. मी तोंडावर रुमाल धरला आणि खांदे हलू लागले, तेव्हा शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना काय सांगणार… शेठचं ते द्रष्टेपण उपटलेल्या एका दाढेतून आलेलं होतं आणि त्याला मी साक्षी होतो.

जनूशेठ म्हणजे भिवंडीजवळच्या कोन गावाच्या बाजूचे, खाडीकाठच्या आगरी शेतकऱ्याचा मुलगा. तरुणपणी कापडाचे थोडे लूम चालवले, तो धंदा बसला तेव्हा वडिलांच्या भातशेतीवर पत्रे घालून गोडाऊन बांधलं. जिथे पूर्वी चिखलणी व्हायची तिथे आता साबण, मिक्सर आणि लहान मुलांचे डायपर छतापर्यंत रचलेले असतात. लोक मोबाइलवर बोट लावतात आणि वस्तू आमच्याकडून निघते. मी तिथल्या ऑफिसचा व्यवस्थापक. डबा खाताना पुस्तक वाचतो एवढ्या पुराव्यावर शेठनी पहिल्याच दिवशी मला 'मास्तर' करून टाकलं. मी एकाही शाळेत शिकवलेलं नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

शेठ मनाचे वाईट नव्हते, पण कुणाचंही वाक्य त्यांनी क्रियापदापर्यंत जाऊ दिलं नाही. समोरच्यानं "शेठ, ते गेटजवळचं…" म्हणेपर्यंत ह्यांचं उत्तर तयार. "गेटजवळचं मना म्हायती हाय, तू तुजं काम बग." म्हायती काहीच नसायचं. माणसं येत होती आणि जात होती. वर्षभर टिकलेला हमाल म्हणजे आमच्याकडे जुना जाणता समजला जाई. एकदा नाशिकला जायचा भरलेला ट्रक नागपूरला गेला. परत येईपर्यंत शेठनी सगळ्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. शेवटी हमालांचा मुकादम रामधनी, उंच, शांत, जौनपूरकडचा माणूस, खाली बघून म्हणाला, "सेठ, हमने चिठ्ठी देखी थी. गलत लगी थी."

"देखी थी? आनि बोलला न्हाईस?"

"बोलने ही तो आया था. आपने कहा, मालूम है."

शेठ त्या दिवशी घरी लवकर गेले. पण माणूस असा एका ट्रकनं सुधारत नाही. सुधारायला दाढ लागली.

झालं असं की, एका शनिवारी सकाळी त्यांची दाढ काढली आणि डॉक्टरनं तोंडात कापसाचा बोळा कोंबून, बोलायचं नाही अशी ताकीद दिली. घरी बसवेना म्हणून शेठ गोडाऊनला आले. गाल सुजलेला, तोंड बंद. पॅकिंगच्या टेबलापाशी चहाची वेळ होती. पॅकिंगच्या बायकांच्या प्रमुख सुमनताई, अंबाडीच्या पुढच्या गावातून रोज येणाऱ्या, त्यांनी सवयीनं शेठच्याही हातात कप दिला. शेठना तो पिता येईना, ठेवताही येईना. ते कप धरून नुसते बसले. सुमनताई बोलता बोलता म्हणाल्या, "बायांच्या संडासात पानी येत न्हाय, शेठ." आणि उत्तर येईल म्हणून थांबल्या. उत्तर आलं नाही. त्यांनी शेठकडे नीट पाहिलं. मग त्या पुढे बोलल्या. मग रामधनी बोलला. मग जे लोक वर्षानुवर्षं गप्प होते ते एकमेकांच्या आधी बोलायला लागले. ट्रक लावायची जागा उतरती आहे, पेटी घसरते. वरच्या रॅकवर जड माल का ठेवता? जेवणाच्या सुट्टीतच गाड्या कशा येतात? शेठ लाल झाले, डोळे मोठे केले, एकदा तर कापसाच्या आतून काहीतरी गुरगुरले. पण वाक्यं पहिल्यांदाच क्रियापदापर्यंत गेली. सोमवारी संडासात पाणी होतं. उतार भरून घेतला. शेठ मला म्हणाले, "मास्तर, काय करनार? बोलता आलं असतं तर पटवून दिलं असतं की पानी येतंय."

त्यानंतर पडलेला नियम कागदावर कधीच नव्हता. शनिवारी चहाच्या वेळी शेठ पॅकिंगच्या टेबलापाशी स्टुलावर बसणार, हातात चहा असेपर्यंत कुणीही काहीही बोलावं, शेठनी तोंड उघडायचं नाही. चहा संपला की शेठ बोलणार आणि मग बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकायला हे फार भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात तो दोन्ही बाजूंनी लबाडीचा खेळ होता. शेठ चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवू लागले. सुमनताईंनी बशी बंद केली. शेठ अर्धाच कप घ्यायला लागले. सुमनताईंनी स्टीलचा मोठा पेला आणला आणि चहा असा उकळवून द्यायला लागल्या की शेठना तो उपरण्यात गुंडाळून धरावा लागे. "चहा न्हाय, लाव्हा हाय ह्यो," एकदा शेठच्या तोंडून निघालं, आणि सगळे एकदम ओरडले, "शेठ, चहा हातात हाय!" शेठ गप्प. कारखानदारी आणि मजुरी यांच्या संबंधांवर मी जाडजाड पुस्तकं वाचली आहेत. चहाच्या तापमानाचा उल्लेख मला एकातही आढळला नाही.

आता पंख्याबद्दल सांगायला हवं. पॅकिंगच्या टेबलाच्या वर छताला एक पंखा होता, तो फिरताना कर्रर्र-टक, कर्रर्र-टक असा वाजे. दर शनिवारी पहिली तक्रार त्याची. सुमनताई चहा देत आणि म्हणत, "पंखा वाजतो, शेठ." सगळे हसत, आणि मग खरं बोलणं सुरू होई. बाकीची कितीतरी कामं झाली, पंखा मात्र कधी दुरुस्त झाला नाही. मी एकदा विचारलं तेव्हा शेठ म्हणाले, "मास्तर, माणूस एकदम संडासाचं बोलत न्हाय. त्याला आधी बोलायला कायतरी सोपं लागतं. पंखा नीट केला तर सुरुवात कशानं करतील?" हे व्यवस्थापनाचं तत्त्व होतं की निव्वळ चिकटपणा, याचा निर्णय मला आजही करता आलेला नाही. शेठच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढणं अवघडच होतं. पगारवाढीच्या वेळी त्यांचा चहा नेहमीपेक्षा जास्त वेळ पुरायचा, आणि संपल्यावरही ते रिकामा पेला बराच वेळ हातात धरून बसायचे.

मी मात्र दर शनिवारी कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसे आणि काही बोलत नसे. शेठना ते खटकायचं. "मास्तर, तुमी कायच बोलत न्हाय. दुसरीकडं कुटं ठरलंय का?" मी म्हणे, मला काही तक्रार नाही. "मग तर नक्कीच ठरलंय," शेठ म्हणत. त्यांचा यावर ठाम विश्वास होता. ज्याला सोमवारी परत यायचं असतं तोच शनिवारी भांडतो. ज्याचं जायचं ठरलं तो गोड बोलायला लागतो. त्यांनी या एका कसोटीवर कितीतरी माणसं आधीच ओळखली होती. कुणी "शेठ, सगळं एकदम छान हाय" म्हणाला की शेठ मला खूण करायचे, नवा माणूस बघा.

मग त्यांचा मुलगा निलेश शिकून आला. हुशार, सरळ, बापासारखाच उतावळा, फक्त इंग्रजीतून. एक मोठी कंपनी आपला माल ठेवायला गोडाऊन शोधत होती. तिला आपलं गोडाऊन दाखवायचं म्हणून निलेशनं एक सल्लागार आणले. त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर पडदा लावून 'हाय परफॉर्मन्स वर्कप्लेस' कसं उभारायचं ते त्रिकोणांमधून समजावलं. भिंतींवर गरुडाची आणि होडी वल्हवणाऱ्यांची चित्रं लागली. सूचनापेटी आली, तिच्यात पहिल्या आठवड्यात कुणीतरी तंबाखूची रिकामी पुडी टाकली. सल्लागार म्हणाले, "आपण सगळे एक कुटुंब आहोत, ही भावना रुजवायची."

शेठ म्हणाले, "कुटुंब नको म्हनू. कुटुंबात शिफ्ट संपत न्हाय. आनि घरी माजं कोन ऐकतो?"

जाताना सल्लागारांनी शेठना सोनेरी अक्षरात 'एक्सलन्स' लिहिलेला एक भलामोठा मग भेट दिला. शेठनी तो कपाटात टाकायला माझ्याकडे दिला, पण सुमनताईंची त्याच्यावर नजर गेली. त्यांनी त्यात तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. "पेल्यापेक्षा ह्याच्यात जास्त मावतं," त्या म्हणाल्या. पुढच्या शनिवारपासून शेठ 'एक्सलन्स'मधून चहा पिऊ लागले. सल्लागारांच्या कामाचा आम्हाला झालेला तेवढा एक ठोस फायदा.

कंपनीची माणसं यायची होती शनिवारी सकाळी. भिवंडीच्या रस्त्यांनी त्यांना चहाच्या वेळेला पोचवलं. एक मध्यमवयीन बाई आणि त्यांचे दोन सहायक, घामाघूम. सल्लागारांनी सगळ्यांना बोलणं पाठ करून घेतलेलं होतं. शेठ स्टुलावर बसले. चहाचा मग हातात आला. सल्लागारांनी मान हलवून खूण केली.

"आमाला इथं काम करताना खूप आनंद वाटतो," सुमनताई म्हणाल्या.

"हम सब एक परिवार हैं," रामधनी म्हणाला.

"कायच तक्रार न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

मी शेठकडे पाहिलं. बापरे… माणसाच्या अंगातून रक्त निघून जावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. बाकीच्यांना ते शब्द कौतुकाचे वाटत होते. शेठच्या कसोटीप्रमाणे अख्खं गोडाऊन एका दमात राजीनामा देत होतं. आणि बोलायची सोय नव्हती, चहा हातात होता. निलेश हसऱ्या चेहऱ्यानं पाहुण्यांकडे बघत होता. शेठनी एकदा सुमनताईंकडे पाहिलं, मग मान वर केली आणि पंख्याकडे पाहत राहिले. कर्रर्र-टक. कर्रर्र-टक.

सुमनताईंनी त्यांची नजर पाहिली. वर पाहिलं. पदर खोचला.

"पंखा वाजतो, शेठ."

आणि मग धरण फुटलं. पत्र्यातून ऊन येतं, दुपारी टाळू तापते. नवीन फोर्कलिफ्टचा हॉर्न लागत नाही. ही गरुडाची चित्रं लावलीत तिथं आमच्या पिशव्या टांगायचे खिळे होते, ते कुठायत? रामधनी म्हणाला, "और परिवार-परिवार बुलवाया हमसे. हमारा परिवार जौनपुर में है. छुट्टी दो तो मिल के आएँ." सल्लागारांनी भिंतीचा आधार घेतला. निलेशनं डोळे मिटले. पाहुण्या बाईंनी मला विचारलं, "हे उत्तर का देत नाहीत?" मी म्हटलं, "चहा संपायचाय." त्या थांबल्या. चहा संपला. शेठनी रिकामा मग खाली ठेवला आणि एकेक सांगितलं. हॉर्न सोमवारी. खिळे आत्ता. पत्रा ह्या महिन्यात होणार नाही, खोटं बोलणार नाही. सुट्टीचं रामधनीनं सोमवारी येऊन भांडावं. पंखा बघू. निघताना बाई म्हणाल्या, "आम्ही बरीच गोडाऊनं पाहिली. सगळीकडे लोक फार आनंदात होते. सगळीकडे एकाच शब्दांत." त्यांनी अर्धा माल आम्हाला दिला. उरलेला अर्धा ज्या गोडाऊनला दिला तिथले लोक आनंदात होते, असं ऐकतो. जग काही शनिवारच्या चहावर चालत नाही. पण आमच्याकडे माणसं टिकली, नाशिकचा माल नाशिकला जाऊ लागला, आणि निलेशनं सल्लागारांचा पुढचा त्रिकोण रद्द केला.

शेठ गेल्यावर तेरा दिवस झाले आणि निलेश कामाला आला. आता गोडाऊन त्याच्या हातात. मनात बापाबद्दल दुःख, आणि काहीतरी करून दाखवायची घाई. त्यानं पहिलं काम केलं ते पंख्याचं. इतक्या वर्षांची तक्रार, वडिलांकडून राहून गेलेली, ती त्यांच्या नावानं पुरी करायची असं त्याला वाटलं असणार. नवा पंखा आला. फिरतो की नाही हे बघायला मान वर करावी लागे, इतका मुका.

शनिवारी निलेश स्टुलावर बसला. सुमनताईंनी त्याच मगात चहा दिला. निलेश थांबला. कुणी काही बोललं नाही. सुमनताईंनी सवयीनं वर पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सगळ्यांनी आपापला चहा प्यायला आणि कामाला लागले. मी मनाशी म्हटलं, दुखवटा आहे, चालायचंच. पुढच्या शनिवारी तेच. रामधनीला निलेशनं स्वतः विचारलं, "सब ठीक?" तो म्हणाला, "सब बढ़िया है, छोटे सेठ." निलेश माझ्या केबिनमध्ये येऊन बसला. "मास्तर, बढ़िया म्हणाला." बापाची कसोटी त्यालाही पाठ होती. कोनच्या बाजूला एक नवं गोडाऊन उघडलं होतं, काचेचा दरवाजा, आत गारवा, आणि माणसं हवी असल्याचा बोर्ड. आमच्यातले काहीजण 'नुसतं बघायला' जाऊन आले होते.

"सगळे जाणार का?" त्यानं विचारलं. आवाज अगदी बापासारखा आला, दाढ दुखत असताना यायचा तसा.

मी त्याला विचारलं, "चहा कसा होता?"

"बरा होता. का?"

"गरम होता?"

तो आठवू लागला. "कोमट," तो म्हणाला. "प्यायला सोपा होता."

पाहुण्याला देतात तसा चहा त्याला मिळत होता.

गेल्या शनिवारी निलेश पुन्हा स्टुलावर बसला. पाठ ताठ, बोटं एकमेकांत. मी कोपऱ्यात वर्तमानपत्र उघडलं, पण वाचलं नाही. सुमनताई टोप घेऊन आल्या, तो मोठा मग काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला. निलेशनं मग धरला मात्र, "हाय!" करून हात झटकला, अर्ध्यावर सावरला आणि शर्टाची बाही ओढून त्यात मग धरला. वाफ त्याच्या चष्म्यावर चढली. सुमनताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बहुधा आठवडाभर बोलायला काहीतरी सोपं शोधत होत्या, ते त्यांना सापडलं होतं.

"नवा पंखा वाजतच न्हाय, शेठ," त्या म्हणाल्या. "बायांना दुपारी झोप येते."

'शेठ' म्हणाल्या. छोटे नाही, निलेशदादा नाही.

निलेश घाईनं म्हणाला, "नाही, पण तो तर आपण मुद्दाम…"

"चहा हातात हाय!" सगळे एकदम ओरडले. रामधनीचा आवाज त्यात सर्वांत मोठा होता. निलेशनं तोंड मिटलं. मग पत्रा निघाला, जो अजूनही झालेला नाही. खिळे पुरत नाहीत, हे निघालं. रामधनीची सुट्टी निघाली. नव्या गोडाऊनमध्ये चहा मशीनचा मिळतो आणि तो पाण्यासारखा असतो, हेही कुणीतरी सांगून टाकलं. धुक्या चष्म्यामागे निलेशचे डोळे दिसत नव्हते. त्यानं एक घोट घेतला, जीभ भाजली, आणि तसाच ऐकत बसला.

सोमवारी त्यानं निर्णय दिला. नवा पंखा पॅकिंगवरच राहील, कारण गरमी आहे. पण जुना भंगारात जाणार नाही. तो माझ्या केबिनमध्ये लावायचा. माझ्या केबिनची प्लायवूडची भिंत छतापर्यंत पोचत नाही, त्यामुळे आवाज पॅकिंगपर्यंत व्यवस्थित जातो, झोप येत नाही, आणि शनिवारची सुरुवातही शाबूत राहते. सगळ्यांना हे पटलं. मला विचारायचं मात्र राहून गेलं. बापाचाच मुलगा…

हे लिहितोय तेव्हाही तो माझ्या डोक्यावर फिरतो आहे. कर्रर्र-टक. दोन ओळी लिहिल्या की विचार तुटतो, वर बघावं लागतं. वाचन तर बंदच पडलं आहे. इतकी वर्षं इथे काढली, शनिवारी कधी तोंड उघडलं नाही, आणि शेठना शेवटपर्यंत संशय राहिला की माझं दुसरीकडे ठरलं आहे. या शनिवारी मी वर्तमानपत्र बाजूला ठेवणार आहे. चहा चांगला उकळा, असं सुमनताईंना सांगून ठेवलंय. मला बरंच बोलायचं आहे.